शुक्राचा अस्त आणि शुक्राचे अधिक्रमण : देगलूरच्या आकाशातील एका घटनेचा शब्देतिहास

शके १७९६, म्हणजे इ. स. १८७४, या वर्षी ९ डिसेंबर रोजी देगलूरच्या क्षितिजावर सूर्य उगवला, तेव्हा त्याचे बिंब नेहमीसारखेच निष्कलंक होते. त्यानंतर अर्ध्यापाऊण तासाने, स्थानिक वेळेप्रमाणे सकाळी सातच्या सुमारास, बिंबाच्या कडेवर एक काळा ठिपका उमटू लागला. पुढील अर्ध्या तासात तो पूर्ण गोल होऊन बिंबाच्या आत आला, दोन प्रहरांच्या आत बिंबावरून सरकत गेला आणि साडेअकराच्या सुमारास दुसऱ्या कडेने बाहेर पडला. हा ठिपका म्हणजे शुक्र होय. पृथ्वी आणि सूर्य यांच्या बरोबर मध्ये शुक्र येण्याचा हा योग एकशे पाच वर्षांनी आला होता. त्याचा वेध घेण्यासाठी रुडकी येथे टेनंट यांनी दुर्बिणी रोखल्या होत्या. बंगाल इलाख्यातील मधुपूर येथे ताक्किनी यांच्या नेतृत्वाखाली इटलीहून आलेले पथक होते. विशाखापट्टणमला अंकितम् वेंकट नरसिंगराव आपल्या खाजगी वेधशाळेत बसले होते. निजामाच्या राज्यातील नांदेड भागात मात्र त्या सकाळी पंचांग उघडले असते, तर शुक्राविषयी एकच गोष्ट समजली असती. शुक्राचा अस्त आहे, सबब तो आकाशात नाही.

प्रस्तुत निबंधाचा विषय हा विरोध आहे. जो ग्रह सूर्यबिंबावर प्रत्यक्ष दिसत होता, तो त्याच घटकेला शास्त्राच्या भाषेत अदृश्य होता. अशा विरोधाचा उलगडा दोन प्रकारे करण्याची रीत आहे. आमच्या पूर्वजांना हे सर्व ठाऊकच होते, असे एक पक्ष म्हणतो. पंचांग ही अंधश्रद्धा असल्याने त्यात दुसरे काय असणार, असे दुसरा म्हणतो. दोन्ही उत्तरे आळसाची आहेत. 'अस्त' हा शब्द अज्ञानातून जन्मलेला नाही. तो अत्यंत काटेकोर निरीक्षणातून आलेला आहे. त्या काटेकोरपणामुळेच अधिक्रमणाला त्यात जागा उरली नाही.

सूर्यसिद्धांताच्या सातव्या अधिकारात ग्रहांच्या युतीचा विचार आहे. तेथे आरंभीच तीन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत. पंचताराग्रहांपैकी दोन एकमेकांजवळ आले, तर युद्ध किंवा समागम. तो ग्रह चंद्राजवळ आला, तर समागम. सूर्याजवळ आला, तर अस्तमन. ग्रहाग्रहांच्या युद्धाचेही पुढे पोटभेद आहेत. बिंबे केवळ स्पर्शली तर 'उल्लेख', एकाने दुसऱ्यास भेदले तर 'भेद'. एक बिंब दुसऱ्यावर येऊ शकते ही कल्पना सिद्धांतकारांना पूर्णपणे अवगत होती, हे या 'भेद' शब्दावरून उघड आहे. परंतु ती कल्पना सूर्यापाशी येऊन थांबते. सूर्याच्या तेजात ग्रह किती अंशांवर लोपतो, हेच तेथे मोजावयाचे असते. शुक्र वक्री असता आठ कालांश, मार्गी असता दहा. बुधाला अनुक्रमे बारा आणि चौदा. हे आकडे डोळ्यांनी वर्षानुवर्षे पाहिल्यावाचून बसविता येत नाहीत. वक्री शुक्र पृथ्वीला अधिक जवळ असल्यामुळे त्याचे बिंब मोठे दिसते आणि म्हणून तो सूर्याच्या अधिक जवळ जाईपर्यंत दिसत राहतो, हा भेदही त्यांनी टिपला आहे.

पण एकदा आठ अंशांची मर्यादा ओलांडली, म्हणजे तेथून पुढे पाहण्यासारखे काही उरत नाही, असे हे शास्त्र गृहीत धरते. शुक्र पश्चिमेस मावळतो आणि आठदहा दिवसांनी पूर्वेस उगवतो. मधला काळ रिकामा. अधिक्रमण घडते ते या रिकाम्या काळाच्या अगदी मध्यबिंदूवर. एखाद्या ग्रंथात दोन पाने चिकटलेली असावीत आणि नेमका मजकूर त्या दोन पानांच्या मध्ये असावा, तसा हा प्रकार आहे.

ही परंपरा देगलूरला परकी नव्हती. किंबहुना सिद्धांतज्योतिषाच्या उत्तरकालीन इतिहासात गोदावरीच्या खोऱ्याला मानाचे स्थान आहे. 'सिद्धांतसुंदर' हा ग्रंथ १५०३ च्या सुमारास रचणारा ज्ञानराज हा पार्थपूरचा, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरीचा. त्याच्या ग्रंथात ग्रहोदयास्त आणि ग्रहयोग यांना स्वतंत्र प्रकरणे आहेत. गोदाकाठच्या गोलग्राम येथील दिवाकराच्या वंशात तर ज्योतिषी पिढ्यान् पिढ्या झाले. पुढे १५२० मध्ये गणेश दैवज्ञाचा 'ग्रहलाघव' आला आणि मराठी मुलखातील पंचांगे त्यावरून होऊ लागली. ग्रहलाघवाची सोय मोठी होती. ज्या व चाप यांच्या किचकट गणितावाचून ग्रह काढता येत. पण शुक्र सूर्यबिंबावरून जाईल की त्याच्या वरून अथवा खालून निघून जाईल, हे ठरवावयास त्याचा शर पाव अंशाच्या आत बिनचूक लागतो, कारण सूर्यबिंबाची त्रिज्याच सुमारे तेवढी आहे. तीनशे वर्षांपूर्वीच्या कोष्टकांकडून ही अपेक्षा करता येत नाही. युरोपातही केप्लरची १६२७ ची कोष्टके होईपर्यंत हे गणित कोणाला साधले नव्हते, आणि त्या कोष्टकांतूनही १६३९ चे अधिक्रमण निसटले. ते हॉरॉक्स या तरुणाने स्वतः गणित सुधारून पकडले.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. गणित नसले तरी डोळे होते. शुक्राचे बिंब अधिक्रमणाच्या वेळी जवळजवळ एक कला असते, आणि धुक्यातून वा धुळीतून सूर्य मंद झाला असता एवढा ठिपका तीक्ष्ण दृष्टीला दिसू शकतो. मग तो कोणी पाहिला असेल तर त्याला काय म्हटले असेल? याचे उत्तर वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सापडते. तिच्या आदित्यचाराच्या अध्यायात सूर्यबिंबावर दिसणाऱ्या काळ्या आकृतींचे वर्णन आहे. त्यांना 'तामसकीलक' म्हटले असून ते राहूचे पुत्र, संख्येने तेहतीस, कधी दंडासारखे तर कधी कावळ्यासारखे दिसणारे आणि राजाला अशुभ असे सांगितले आहेत. आजच्या भाषेत हे सौरडाग होत. ज्याने शुक्राला सूर्यावर पाहिले असेल, त्याने त्याला कीलकच मानले असणार. ग्रह म्हणून तो अस्तंगत. डाग म्हणून तो राहूचा पुत्र. एकच वस्तू दोन कप्प्यांत विभागली गेली आणि दोहोंना जोडणारा शब्द नव्हता. ही अडचण केवळ भारतीयांची नव्हती. शुक्र सूर्यावर डागासारखा पाहिल्याचे विधान इब्न सीनाच्या नावावर आहे आणि तो डागच असावा अशी शंका आधुनिक अभ्यासकांनी घेतली आहे. स्वतः केप्लरने १६०७ मध्ये एक सौरडाग पाहून तो बुध असल्याचे जाहीर केले होते. पूर्वसूचनेवाचून डोळा ठिपका पाहतो. ग्रह पाहत नाही.

देगलूरवरून किती अधिक्रमणे गेली, याचा हिशेब करणे कठीण नाही. ७ डिसेंबर १६३१ रोजी शुक्र सूर्यबिंबाच्या अगदी कडेने गेला. सध्याच्या भारतीय प्रमाणवेळेप्रमाणे ही वेळ सकाळी साडेनऊ ते दुपारी सव्वाबारा अशी येते. पॅरिसमध्ये गासांदी ज्याची वाट पाहत होता तो हाच योग. तेथे त्या वेळी रात्र होती. दख्खनमध्ये दिवस होता, पण १६३० पासूनच्या भीषण दुष्काळाने प्रदेश उजाड झाला होता. आकाशाकडे पाहणाऱ्यांचे डोळे ढगांच्या शोधात होते. १६३९ चा योग रात्री झाला. ६ जून १७६१ चा मात्र सकाळी साडेसातपासून दुपारी दोनपर्यंत संपूर्ण दिसण्याजोगा होता. उदगीरच्या लढाईला तेव्हा सोळा महिने झाले होते आणि पानिपताला पाच. पुण्यात नानासाहेब पेशवे अंतकाळाच्या उंबरठ्यावर होते व सतराच दिवसांनी वारले. त्याच सकाळी मद्रासला गव्हर्नर पिगट यांच्या उपस्थितीत पाद्री हर्स्ट वेध घेत होते आणि ल जांतिय हा फ्रेंच ज्योतिर्विद, पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडल्यामुळे, हिंदी महासागरात हेलकावणाऱ्या जहाजावरून निरुपयोगी वेध घेत होता. तो आठ वर्षे याच भागात थांबला. ४ जून १७६९ च्या सकाळी पाँडिचेरीला ढग आले आणि त्याच्या हाती काहीच लागले नाही. त्या दिवशी देगलूरला सूर्य उगवला तो शुक्राला बिंबावर घेऊनच. तासा-सव्वातासात योग संपला.

या मोहिमांमागचे कारण थोडक्यात सांगावयास हवे. पृथ्वीवरील दोन दूरच्या ठिकाणांहून शुक्राची सूर्यबिंबावरील वाट किंचित निराळी दिसते. तो फरक मोजला म्हणजे सूर्याचे अंतर काढता येते, ही युक्ती हॅलीने १७१६ मध्ये मांडली. अर्थात ठिकाणांचे रेखांश व घड्याळे बिनचूक पाहिजेत. दख्खनच्या मध्यभागी बसलेल्या एकट्या निरीक्षकाला या खटाटोपात स्थान नव्हते.

१८७४ ची गोष्ट निराळी झाली ती एका मनुष्यामुळे. मद्रासच्या वेधशाळेत काम करणारे चिंतामणि रघुनाथाचार्य हे घरच्या परंपरेने सिद्धांती आणि व्यवसायाने दुर्बिणीवरचे निरीक्षक. १८६७ मध्ये त्यांनी एका रूपविकारी ताऱ्याचा शोध लावला होता. दृक्प्रत्ययाशी जुळणारे पंचांग ते काढीत. केरो लक्ष्मण छत्रे यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' १८६० मध्ये निघाली व त्यांवरून पटवर्धनी पंचांग सुरू झाले, त्याच दशकातील हा दक्षिणेकडचा प्रयत्न. शं. बा. दीक्षित यांनी १८९६ च्या 'भारतीय ज्योतिःशास्त्रा'त त्यांची दखल घेतली आहे. अधिक्रमणाच्या वर्षी रघुनाथाचार्यांनी लोकांसाठी एक पुस्तिका लिहिली व ती इंग्रजीखेरीज कन्नड, उर्दू अशा देशी भाषांतूनही काढली. तिची मांडणी संवादाची आहे. एक सिद्धांती शंका विचारणाऱ्यांना समजावून सांगतो. कन्नड आवृत्तीचे नाव 'शुक्रग्रस्त सूर्यग्रहण' असे आहे.

हे नाव भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे आहे. रघुनाथाचार्यांपुढे रिकामी जागा होती. 'अस्त' हा शब्द वापरला तर दिसणारी घटना न दिसणारी ठरते. 'कीलक' म्हटले तर ग्रहाचा ग्रहपणा जातो. त्यांनी तिसरेच दार उघडले. सूर्यबिंब झाकले जाण्याला लोकांजवळ एक नाव होते, ते म्हणजे ग्रहण. झाकणारा चंद्र असतो, त्याच्या जागी शुक्र बसविला. ओरिसात खंडपाड्याचे सामंत चंद्रशेखर यांनीही नेमके हेच केले. दुर्बिणीला डोळा न लावता, स्वतः केलेल्या साधनांनी वेध घेणाऱ्या या पंडिताचा 'सिद्धांतदर्पण' १८९९ मध्ये छापून निघाला. त्यात कलिवर्ष ४९७५ मध्ये वृश्चिक राशीत शुक्रकृत सूर्यग्रहण झाल्याचे सांगून शुक्राचे बिंब सूर्यबिंबाच्या १/३२ दिसल्याचे म्हटले आहे. आधुनिक गणिताने हे प्रमाण सुमारे १/३१ येते. मद्रासचा दुर्बीणवाला आणि ओरिसाचा नळीवाला, दोघेही परंपरेच्या शब्दकोशातून तोच शब्द उचलतात. यावरून परंपरा बंदिस्त होती हे म्हणणे टिकत नाही. गरज पडताच तिने शब्दाचा अर्थ वाढविला.

तरीही 'ग्रहण' या शब्दाची पकड सैल आहे. १/३२ व्यास म्हणजे प्रकाशात सहस्रांशाचाच घट. तो कोणाच्या लक्षातही येत नाही. अंधारणे, पक्षी घरट्याकडे परतणे, दिवसा चांदण्या दिसणे, यांपैकी काही नाही. शिवाय सूर्यग्रहण अमावास्येलाच होते, हे शाळेत न गेलेल्या माणसालाही माहीत असते. १८७४ मध्ये योगायोगाने अमावास्या नुकतीच उलटली होती. पण २०१२ चे अधिक्रमण वटपौर्णिमेनंतर दोन दिवसांनी घडले. पौर्णिमेच्या परवाला सूर्यग्रहण आहे असे सांगणाऱ्याकडे देगलूरच्या बाजारात लोकांनी संशयाने पाहिले असते. आणि ग्रहण म्हटले की वेध, स्नान, दान, मोक्ष हे सर्व मागोमाग येते. या परिसरात हा संबंध फार जुना आहे. देगलूर तालुक्यातील होट्टल, करडखेड येथील चालुक्यकालीन शिलालेख रित्ती व शेळके यांनी १९६८ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या लेखसंग्रहात प्रसिद्ध केले. त्या काळच्या दानलेखांत सूर्यग्रहण, उत्तरायणसंक्रांती अशी पर्वे दानाचे निमित्त म्हणून कोरली जात. जी घटना पर्व होती तिला दगडावर जागा मिळाली. अस्त हे पर्व नव्हते. तो निषेधाचा काळ होता. आजही शुक्रास्तात विवाहाचे मुहूर्त नसतात, आणि सामान्य घरात शुक्राची आठवण होते ती बहुधा याच वेळी, मुहूर्त अडल्यावर. 'झारीतील शुक्राचार्य' ही म्हण मराठीत का टिकून राहिली असावी, याचेही थोडे उत्तर येथे मिळते.

देगलूरच्या भाषिक स्थानामुळे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. एका अंगाला तेलंगण, दुसऱ्या अंगाला कर्नाटकाचा बीदर जिल्हा. बाजारात मराठी, तेलुगू आणि कन्नड, तर कचेरीत १८७४ साली फारसी व पुढच्या दशकापासून उर्दू. मराठीत शुक्र म्हणजे शुक्राची चांदणी. 'चांदणी' या शब्दात चंद्र आहे, उजेड आहे. काळी चांदणी ही शब्दातच विसंगती होय. उर्दूतील 'जोहरा' हे नावही चकाकण्याचा अर्थ असलेल्या अरबी धातूपासून आलेले. कन्नडमध्ये 'बेळ्ळि', म्हणजे रुपे. या तिन्ही भाषा शुक्राला त्याच्या तेजावरून ओळखतात, आणि अधिक्रमणात नेमके तेजच नसते. तेलुगूत मात्र पहाटेच्या शुक्राला 'वेगुचुक्क' म्हणतात, कन्नडमध्येही 'बेळ्ळिचुक्कि' असा जोडशब्द आहे. आणि 'चुक्क' किंवा 'चुक्कि' या शब्दाचा अर्थ तारा तर आहेच, पण ठिपका असाही आहे. रांगोळीचा ठिपका तोच, आकाशातील तारा तोच. ज्याच्या भाषेत तारा आणि ठिपका यांना एकच शब्द आहे, त्याला सूर्यावरील काळ्या ठिपक्यात शुक्र पाहणे अधिक सोपे जावे काय? भाषेने दृष्टी ठरते असा टोकाचा सिद्धांत मांडण्याचे येथे कारण नाही. तेलुगू वा कन्नड भाषकांनीही १८७४ पूर्वी अधिक्रमणाला नाव दिलेले नव्हते. पण नाव देण्याची वेळ आली तेव्हा कोणत्या भाषेत किती अंतर तोडावे लागले असते, याचा अंदाज अशा शब्दांवरून येतो, आणि सीमेवरच्या गावात ते अंतर हाकेवरचे आहे.

१८८२ चा योग भारतात रात्री असल्याने दिसला नाही. त्यानंतर एकशे एकवीस वर्षे या शब्दाची निकड नव्हती. मराठी शास्त्रीय परिभाषा दरम्यान घडत गेली आणि चंद्राने तारा झाकला की 'पिधान', ग्रह सूर्यबिंबावरून गेला की 'अधिक्रमण' असा भेद रूढ झाला. 'अधि' म्हणजे वर, 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे. वरून चालत जाणे. शब्द नेमका आहे. 'ग्रहण' शब्दात धरणे आहे, गिळणे आहे. 'अधिक्रमणा'त केवळ वाट आहे. याच धातूपासून 'संक्रमण' आणि 'अतिक्रमण' हेही आले. कन्नडात 'शुक्रसंक्रमण' हा शब्द चालला. मराठीत 'संक्रमण' संक्रांतीने आधीच अडवून ठेवले होते. 'अतिक्रमण' नगरपालिकेच्या ताब्यात आहे, आणि एका अक्षराच्या फरकाने शुक्रावर बेकायदा बांधकामाचा आरोप येण्याची भीती मुद्रितशोधकांना सतत बाळगावी लागते. बळीच्या कथेत तीन पावले टाकणारा त्रिविक्रम होता आणि शुक्र अडविणारा; नव्या शब्दाने पाऊल शुक्राकडे दिले, हा गंमतीचा भाग.

८ जून २००४ रोजी सकाळी पावणेअकराच्या सुमारास ते पाऊल पडले व संध्याकाळी पाचच्या आत उचलले गेले. ६ जून २०१२ रोजी देगलूरला सूर्य उगवला तेव्हा शुक्र बिंबावरच होता आणि दहा वाजून वीस मिनिटांच्या सुमारास तो उतरला. या दोन्ही वेळी महाराष्ट्रातील खगोलप्रेमी संस्थांनी गाळण्या लावलेल्या दुर्बिणी आणि काळे चष्मे लोकांपुढे ठेवले, वृत्तपत्रांनी 'शुक्राचे अधिक्रमण' हे शब्द मथळ्यात छापले, आणि पूर्वसूचना मिळालेल्या डोळ्यांनी ठिपक्यात ग्रह पाहिला. त्याच दिवसांच्या पंचांगात शुक्र अस्तंगत होता. त्यात चूक काहीच नव्हती, कारण 'अस्त' या शब्दाचा अर्थ सूर्यतेजामुळे साध्या डोळ्यांना न दिसणे एवढाच आहे. ज्यांनी सकाळी चष्म्यातून शुक्र पाहिला त्यांच्याच घरात त्या आठवड्यात विवाहमुहूर्त नव्हता, आणि दोन्ही गोष्टी एका भिंतीवर, एकाच दिनदर्शिकेत, शेजारी शेजारी नांदू शकत होत्या.

शुक्राचे पुढचे अधिक्रमण ११ डिसेंबर २११७ रोजी आहे. देगलूरला त्याचा आरंभ सूर्योदयापूर्वी होऊन शेवट सकाळी अकराच्या सुमारास होईल. बुधाची वेळ मात्र जवळ आहे. १६५१ मध्ये जेरेमी शेकर्ले याने ज्या बुधासाठी सुरतेला दुर्बीण लावली, तो १३ नोव्हेंबर २०३२ रोजी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास सूर्यबिंबावर येईल आणि साडेचारनंतर उतरेल. हा योग येथून संपूर्ण दिसेल. बुधाचे बिंब शुक्राच्या एकपंचमांशाहून फारसे मोठे नसते, त्यामुळे चष्मा पुरणार नाही. सौरगाळणी लावलेली दुर्बीण, किंवा दुर्बिणीतून कागदावर पाडलेले सूर्याचे प्रतिबिंब हवे.